व्हायोलिनवादिका विल्मा नेरूदा

मध्य युरोपात मोराविया नावाचा एक प्रांत आहे. द्राक्षमळ्यांनी आणि गव्हाच्या शेतांनी नटलेला हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात मोडतो. परंतु एकोणिसाव्या शतकात तेथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाची सत्ता होती. ब्रनो हे या प्रांतातील मुख्य शहर. शहराच्या मध्यभागी पेत्रोव्ह नावाची एक टेकडी असून तिच्या माथ्यावर संत पीटर व संत पॉल यांचे जुने प्रार्थनामंदिर उभे आहे. या प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजविण्याचे काम योसेफ नेरूदा नावाचे गृहस्थ करीत असत. त्यांच्या घरी २१ मार्च १८३८ रोजी एक कन्या जन्मली. तिचे नाव विल्हेल्मिना. परंतु पुढे सारे जग तिला विल्मा नेरूदा या सुटसुटीत नावाने ओळखू लागले.

चेक लोकांना संगीताचे वेड मोठे. त्या काळी तेथील खेड्यापाड्यांतील शाळांमधूनही मुलांना अक्षरांबरोबर स्वरांची ओळख करून दिली जात असे. नेरूदा यांच्या घरात तर संगीताची परंपरा जुनीच होती. योसेफ नेरूदा यांची मुले बोलावयास लागली की पाठोपाठ वाजवावयासही लागत. थोरली अमालिया पियानो वाजवी. भाऊ व्हिक्टर चेलो नावाचे मोठे तंतुवाद्य वाजवी. विल्मा जरा मोठी होताच तिच्यासाठीही वडिलांनी पियानो निवडला.

ही निवड सहज केलेली नव्हती. मुलींनी कोणते वाद्य शिकावे, याविषयी त्या काळच्या युरोपीय समाजात काही ठाम समजुती होत्या. पियानो, हार्प, गिटार ही वाद्ये मुलींना शोभतात, असे लोक मानीत. कारण ती शांतपणे बसून वाजविता येत. व्हायोलिन मात्र हनुवटीखाली दाबून धरावे लागते, त्यासाठी मान वाकवावी लागते आणि उजवा हात सारखा मागेपुढे हलवावा लागतो. हे दृश्य स्त्रीच्या मर्यादेला सोडून आहे, असा पुष्कळांचा ग्रह होता. इटलीच्या तेरेसा मिलानोलोसारख्या एखाद्या मुलीने व्हायोलिनवर कीर्ती मिळविली होती, नाही असे नाही. पण लोक तिच्याकडे अपवाद म्हणूनच पाहत. आपल्या मुलीने व्हायोलिन शिकावे, असे कोणाही सामान्य गृहस्थाच्या मनात येत नसे.

छोट्या विल्माला मात्र पियानोपेक्षा व्हायोलिनच अधिक आवडे. पियानोवर बोट ठेवले की स्वर तयारच मिळतो. व्हायोलिनचे तसे नाही. त्याला चार तारा असतात. त्या काळी त्या मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या ताती असत. घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसविलेला गज राळ लावून त्यांवर फिरवावा लागतो. सतारीला जसे पडदे असतात, तसे व्हायोलिनला नसतात. डाव्या हाताचे बोट तारेवर नेमके कोठे ठेवावयाचे, हे वादकाच्या कानाने आणि बोटानेच जाणावे लागते. बोट केसभर सरकले, तरी स्वर बेसूर होतो. उलट बोट आणि गज यांचा मेळ बसला, तर तेच लहानसे लाकडी वाद्य माणसाच्या गळ्याप्रमाणे गाऊ लागते. या वाद्याने विल्माचे मन ओढून घेतले होते.

असे सांगतात की, वडील घराबाहेर पडले म्हणजे विल्मा हळूच भावाचे व्हायोलिन काढी आणि आपल्या इवल्याशा बोटांनी स्वर शोधीत बसे. एके दिवशी वडिलांनी हे पाहिले. ते रागावले असते, वाद्य काढून घेऊन पेटीत कुलूपबंद केले असते, तरी त्या काळी त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु योसेफ नेरूदा हे आधी संगीतकार होते. मुलीच्या हातातून उमटणारे स्वर त्यांनी ऐकले आणि लोकरीतीपेक्षा आपल्या कानांवर अधिक विश्वास ठेवला. त्यांनी स्वतःच तिला व्हायोलिनचे धडे देण्यास आरंभ केला. विल्माच्या आयुष्याला जी दिशा लागली, ती वडिलांच्या या एका निर्णयाने लागली.

ब्रनोपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरांवर साम्राज्याची राजधानी व्हिएन्ना वसली आहे. १८३९ साली ही दोन्ही शहरे आगगाडीने जोडली गेली होती. बीथोव्हेन आणि शूबर्ट यांच्यासारख्या थोर संगीतकारांच्या वास्तव्याने पावन झालेले हे नगर म्हणजे संगीतप्रेमी लोकांची काशीच होती. योसेफ नेरूदा मुलांना घेऊन तेथे गेले. लेओपोल्ड यान्सा नावाचे एक नामांकित चेक व्हायोलिनवादक व्हिएन्नात राहत असत. त्यांच्या हाताखाली विल्माचे शिक्षण सुरू झाले. गज उचलावा कसा, टेकवावा कसा, एकाच ओढीत स्वर लहानाचा मोठा आणि मोठ्याचा लहान कसा करावा, हे तिने यान्सांकडून शिकून घेतले. गजावरील प्रभुत्व हे पुढे तिच्या वादनाचे वैशिष्ट्य ठरले, त्याचा पाया येथे घातला गेला.

१८४६ च्या डिसेंबर महिन्यात विल्माने व्हिएन्नात पहिली जाहीर मैफल केली. त्या वेळी ती अवघी आठ वर्षांची होती. पियानोवर साथीला तिची थोरली बहीण अमालिया होती. लहान मुलांच्या मैफलीत सोप्या, गोड गती वाजविल्या जातील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. पण या मुलीने बाखसारख्या गंभीर रचनाकाराची रचना वाजविली. श्रोते थक्क झाले. एवढीशी मुलगी एवढ्या अवघड रचनेचा अर्थ समजून ती वाजविते, याचे त्यांना नवल वाटले.

त्यानंतर नेरूदा कुटुंबाचे दौरे सुरू झाले. वडील आणि मुले मिळून गावोगाव हिंडू लागली. जर्मनीतील शहरे करीत करीत ही मंडळी १८४९ साली लंडनला पोहोचली. तेथील फिलहार्मॉनिक सोसायटी ही त्या काळची मोठी मान्यवर संस्था. तिच्या ११ जून १८४९ च्या मैफलीत अकरा वर्षांच्या विल्माने बेल्जियमचे संगीतकार बेरिओ यांचा एक कंचेर्टो वाजविला. एक वादक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेल्या मोठ्या कृतीला कंचेर्टो म्हणतात. समोर शेकडो श्रोते, पाठीशी वाद्यवृंदातील प्रौढ पुरुष वादक आणि मध्ये हातात व्हायोलिन घेतलेली एक लहानखुरी मुलगी, असे ते दृश्य होते.

लहानपणी चमकलेले कलावंत मोठेपणी बहुधा मावळतात. वय कोवळे असते तोवर लोकांना कौतुक वाटते; वय वाढले की तेच लोक त्याच कलेला कठोर कसोटी लावतात. विल्मालाही या अवघड वळणावरून जावे लागले. शिवाय प्रवासातील हालअपेष्टा होत्याच. १८५२ साली हे कुटुंब रशियात असताना त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. तेथील सेंट पीटर्सबर्ग नगरात व्हिक्टरचा मृत्यू झाला. भावंडांच्या मेळाव्यातील एक स्वर कायमचा थांबला. तेव्हा धाकट्या फ्रान्झने भावाचे वाद्य, चेलो, हाती घेतले आणि दुःख पोटात ठेवून त्या कुटुंबाने आपली वाटचाल पुढे चालू ठेवली. हाच फ्रान्झ पुढे डेन्मार्कमध्ये नावाजलेला संगीतकार झाला.

पुढील दहा वर्षे विल्माने अखंड मेहनत केली. बाल-कलावंत म्हणून मिळालेल्या टाळ्यांवर ती विसंबून राहिली नाही. ती विशीत आली, तेव्हा लोक तिचे वय पाहण्यासाठी येत नव्हते; तिचे वादन ऐकण्यासाठी येत होते. १८६१ च्या सुमारास नेरूदा भावंडे उत्तरेकडील डेन्मार्क व स्वीडन या देशांत गेली. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे विल्माचा मोठा गौरव झाला. तेथे लुडविग नॉर्मान या स्वीडिश संगीतकाराशी तिचा परिचय झाला आणि १८६४ साली दोघांचा विवाह झाला. स्टॉकहोमच्या संगीत अकादमीत तिने व्हायोलिन शिकविण्याचे कामही केले. ज्या मुलीला एके काळी चोरून व्हायोलिन वाजवावे लागले, ती आता इतरांना ते वाद्य शिकवीत होती.

हा संसार मात्र फार काळ टिकला नाही. दोन मुलगे झाल्यानंतर १८६९ साली पतिपत्नी विभक्त झाली. त्या काळी अशा स्थितीत सापडलेल्या स्त्रीची वाट बिकट असे. विल्मापाशी मात्र स्वतःची कला होती आणि त्या कलेवर तिचा विश्वास होता. आदल्या वर्षीच तिने पॅरिसमधील मैफली गाजविल्या होत्या. आता ती पुन्हा लंडनला आली. यापुढे लोक तिला मादाम नॉर्मन-नेरूदा या नावाने ओळखू लागले.

१८४९ मध्ये लंडनने एका अद्‌भुत मुलीचे कौतुक केले होते. वीस वर्षांनंतर त्याच शहरात आलेल्या मादाम नेरूदांना एक प्रगल्भ कलावती म्हणून आपले स्थान सिद्ध करावयाचे होते. मे १८६९ मध्ये त्यांनी फिलहार्मॉनिक सोसायटीच्या मैफलीत वादन केले आणि रसिकांना जिंकले. बेल्जियमचे थोर व्हायोलिनवादक आंरी व्ह्यूताँ यांनी त्यांना हिवाळ्यापर्यंत लंडनमध्येच राहण्याचा आग्रह केला. त्या आग्रहामागे एक विशेष कारण होते.

लंडनच्या सेंट जेम्स हॉल या सभागृहात तेव्हा ‘पॉप्युलर कॉन्सर्ट्स’ या नावाच्या मैफली होत असत. उत्तम संगीत केवळ धनिकांसाठी नाही, ते सामान्य माणसालाही ऐकावयास मिळाले पाहिजे, या हेतूने तेथील काही जागांचा दर एक शिलिंग एवढा अल्प ठेवलेला असे. कचेरीतील कारकून, शिक्षक, विद्यार्थी अशी मंडळी दाटीवाटीने बसून बीथोव्हेन, मोझार्ट व हायडन यांच्या रचना ऐकत. या मैफलींत चार तंतुवाद्यांची चौकडी प्रमुख असे. दोन व्हायोलिने, त्यांहून किंचित मोठे व्हायोला आणि चौथे चेलो, अशी ही चार वाद्ये. चौकडीला संचालक नसतो. पहिले व्हायोलिन वाजविणाराच मानेच्या वा गजाच्या सूक्ष्म खुणेने इतर तिघांना आरंभाची, विश्रांतीची व लयीची सूचना देतो. म्हणून ते आसन नेतृत्वाचे आसन होय.

ते आसन मादाम नेरूदांना मिळाले. दुसरे व्हायोलिन लुई रीस यांच्याकडे, तर चेलो इटलीचे प्रख्यात वादक आल्फ्रेदो प्याती यांच्याकडे होते. एकट्याने वादन करून टाळ्या मिळविणारी स्त्री लंडनकरांनी पाहिली होती. परंतु मुरलेल्या पुरुष वादकांच्या अग्रभागी बसून त्यांचे नेतृत्व करणारी स्त्री त्यांनी क्वचितच पाहिली असेल. पहिल्या काही मैफलींनंतर मात्र त्यात कोणाला वावगे वाटेनासे झाले. स्वर शुद्ध होते, लय पक्की होती आणि रचनाकाराच्या मनातील भाव श्रोत्यांच्या मनापर्यंत पोहोचत होता. त्याच सभागृहात जर्मनीचे योसेफ योआखिम हेही दर वर्षी येऊन चौकडीचे नेतृत्व करीत. योआखिम यांची गणना त्या काळच्या सर्वश्रेष्ठ व्हायोलिनवादकांत होत असे. बहुतेक वर्षी हंगामाच्या पूर्वार्धात मादाम नेरूदा आणि उत्तरार्धात योआखिम, असा क्रम असे. ज्या आसनावर योआखिम बसत, त्याच आसनावर मादाम नेरूदा बसत, यावरून त्यांची योग्यता ध्यानात येईल. योआखिम यांनाही त्यांच्या कलेविषयी मोठा आदर होता. व्ह्यूताँ यांनी तर आपल्या आयुष्याच्या अखेरच्या काळात रचलेला सहावा कंचेर्टो मादाम नेरूदांनाच अर्पण केला.

१८७६ साली मादाम नेरूदांना एक अमोल भेट मिळाली. इटलीतील क्रेमोना गावी अंतोनिओ स्ट्रादिव्हारी नावाचा एक असामान्य कारागीर होऊन गेला. त्याने घडविलेल्या व्हायोलिनांना जगात तोड नाही, असे जाणकार मानतात. त्याने १७०९ साली घडविलेले एक व्हायोलिन इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ एडिंबरो आणि दोन उमराव यांनी मिळून मादाम नेरूदांना दिले. योगायोग असा की, हे वाद्य पूर्वी हाइन्रिख एर्न्स्ट या विख्यात वादकाचे होते आणि एर्न्स्टचा जन्मही ब्रनो शहरातच झाला होता. ब्रनोच्या एका पुत्राने वाजविलेले वाद्य त्याच्या मृत्यूनंतर ब्रनोच्या एका कन्येच्या हाती आले. हे व्हायोलिन मादाम नेरूदांनी प्राणापलीकडे जपले.

इंग्लंडच्या उत्तर भागात मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर आहे. तेथे चार्ल्स हॅले नावाच्या जर्मन पियानोवादकाने १८५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभारला होता. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या त्या नगरीत हॅले यांनी संगीताची गोडी निर्माण केली. त्यांच्या मैफलींत मादाम नेरूदा वर्षानुवर्षे वादन करीत. हॅले पियानोवर आणि मादाम नेरूदा व्हायोलिनवर, अशी बीथोव्हेनच्या रचनांची जुगलबंदी ऐकण्यासाठी लोक दूरदूरहून येत. पूर्वीच्या पतीच्या निधनानंतर, १८८८ साली, मादाम नेरूदांनी हॅले यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी हॅले यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि मादाम नेरूदा लेडी हॅले झाल्या. १८९० व १८९१ साली या दांपत्याने ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. आगबोटीने कित्येक आठवडे प्रवास करून, वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आपले संगीत नेले.

त्यांची कीर्ती केवढी होती, याचे एक गमतीदार उदाहरण आहे. शेरलॉक होम्स या काल्पनिक गुप्तहेराच्या कथा पुष्कळांनी वाचल्या असतील. होम्स स्वतः व्हायोलिन वाजवीत असे. आर्थर कॉनन डॉइल यांनी लिहिलेल्या होम्सच्या पहिल्याच कथेत, म्हणजे १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत, हा गुप्तहेर एका खुनाचा तपास चालू असतानाच हॅले यांच्या मैफलीला जाण्याची घाई करतो. त्याला तेथे नॉर्मन-नेरूदा यांचे वादन ऐकावयाचे असते आणि त्यांच्या गजाच्या कौशल्याची तो तोंड भरून स्तुती करतो. कादंबरीकाराला त्यांचा अधिक परिचय करून देण्याची गरज वाटली नाही. कारण ते नाव इंग्रज वाचकांना ठाऊकच होते.

परंतु या कीर्तीपेक्षाही मोठी अशी एक गोष्ट त्या काळात हळूहळू घडत होती. मादाम नेरूदांच्या मैफलींना बसलेल्या श्रोत्यांत कितीतरी मुली असत. घरी परतल्यावर त्या आईवडिलांपाशी व्हायोलिनसाठी हट्ट धरू लागल्या. व्हायोलिन मुलींना शोभत नाही, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे आता एक जितेजागते उत्तर उभे होते. ज्या स्त्रीला राजेरजवाडे मान देतात, जिच्या वादनात डौल आहे आणि वागण्यात शालीनता आहे, तिचे उदाहरण पुढे असताना त्या जुन्या समजुतीला अर्थ उरला नाही. १८७० नंतरच्या दोन-तीन दशकांत इंग्लंडमधील संगीतशाळांतून व्हायोलिन शिकणाऱ्या मुलींची संख्या झपाट्याने वाढत गेली. हातात व्हायोलिनची पेटी घेऊन लंडनच्या रस्त्याने जाणारी मुलगी हे दृश्य पुढे नित्याचे झाले. त्यांतील अनेकींनी मादाम नेरूदांना प्रत्यक्ष कधी पाहिलेही नसेल. परंतु ती वाट त्यांच्यासाठी मोकळी झालेली होती.

उतारवयात मात्र त्यांना दुःखाचे मोठे आघात सोसावे लागले. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याहून परतल्यानंतर थोड्याच काळात, २५ ऑक्टोबर रोजी, सर चार्ल्स हॅले यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी इंग्लंडमधील त्यांच्या चाहत्यांनी निधी जमविला आणि इटलीतील आसोलो या निसर्गरम्य गावी त्यांना एक वाडा भेट दिला. तेथे शांतपणे दिवस घालवावेत, असा बेत होता. त्यांचा मुलगा लुडविग हा निष्णात गिर्यारोहक होता. इटलीच्या उत्तरेकडील डोलोमाइट पर्वताची शिखरे चढण्यात त्याने नाव मिळविले होते. १८९८ साली त्याच पर्वतातील एका शिखरावर त्याला अपघात झाला आणि त्यात त्याचा अंत झाला. साठ वर्षांच्या मातेला हा घाव किती खोल लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

तरीही त्यांनी गज खाली ठेवला नाही. दुसऱ्याच वर्षी, १८९९ मध्ये, त्या अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्या. पुढे त्यांनी जर्मनीत बर्लिन येथे घर केले आणि शिकविण्यास आरंभ केला. १९०१ साली इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रा यांनी त्यांना राणीच्या व्हायोलिनवादिका हा किताब दिला. ब्रनोच्या ऑर्गनवादकाची मुलगी साठ वर्षांच्या तपश्चर्येनंतर या पदाला पोहोचली होती. १५ एप्रिल १९११ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे वादन आपल्याला ऐकता येत नाही. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात ध्वनिमुद्रणाची कला बाल्यावस्थेत होती. गवई गेला की त्याचे गाणे हवेत विरून जाते. तसे त्यांचे स्वरही विरून गेले. त्यांनी उघडलेले दार मात्र नंतर कोणाला बंद करता आले नाही.

अर्थात ते दार एकदम सताड उघडले, असेही नाही. मादाम नेरूदा वाद्यवृंदाच्या पुढे उभ्या राहून वाजवीत, तेव्हा त्यांच्या पाठीमागे बसलेल्या वादकांत सहसा एकही स्त्री नसे. पाहुणी म्हणून आलेल्या असामान्य स्त्रीला मान द्यावयास लोक तयार होते. पण रोजच्या कामात स्त्रियांना शेजारी बसवून घ्यावयास ते तयार नव्हते. मादाम नेरूदांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९१३ साली, लंडनमधील क्वीन्स हॉल वाद्यवृंदाचे संचालक हेन्री वुड यांनी सहा स्त्रियांना आपल्या वादकांत घेतले, तेव्हा ती मोठी क्रांती समजली गेली. आणि ज्या व्हिएन्ना नगरीत आठ वर्षांच्या विल्माने १८४६ साली आपली पहिली मैफल गाजविली होती, तेथील जगप्रसिद्ध व्हिएन्ना फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचे ठरविले ते १९९७ साली, म्हणजे त्या मैफलीनंतर दीडशे वर्षे उलटल्यावर. जुनी समजूत मोडावयास किती काळ लागतो, याची यावरून कल्पना येते.

विल्मा नेरूदा यांनी रूढीविरुद्ध भाषणे केल्याचे कोणी सांगत नाही. त्यांनी केले ते एवढेच की, हाती घेतलेले वाद्य त्यांनी आयुष्यभर उत्तम रीतीने वाजविले. मुलीच्या हाती व्हायोलिन शोभते की नाही, हा प्रश्न लोकांनी त्यांच्यापुढे पुनःपुन्हा ठेवला आणि प्रत्येक वेळी त्यांनी गज उचलून त्याचे उत्तर दिले. वडील घरी नसताना चोरपावलांनी भावाचे व्हायोलिन काढणाऱ्या त्या लहान मुलीला आपण केवढ्या मोठ्या प्रवासाला निघालो आहोत, हे ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की, त्या तारांत कोठेतरी शुद्ध स्वर दडलेला आहे आणि तो आपल्याला शोधून काढावयाचा आहे.